पोच

पहिल्याच तासाला मॅडम म्हणाल्या, "पोर्टफोलिओ म्हणजे फाइल नव्हे, हे आधी डोक्यातून काढून टाका." माझ्या शेजारी बसलेल्या नानांनी वहीत लिहून घेतलं : 'पोर्टफोलिओ – फाइल. जाड घेणे.' खाली तारीख टाकली आणि बारीक सही केली.

शालेय समुपदेशनाच्या एक वर्षाच्या पदविकेला आम्ही सव्वीस जण होतो. पंचवीस बायका आणि नाना. बायकांमधल्या निम्म्या नुकत्याच एम. ए. झालेल्या, तेविशी-चोविशीतल्या, 'ट्रॉमा' हा शब्द डाळीत मीठ घालावं तसा बोलण्यात घालणाऱ्या. उरलेल्या माझ्यासारख्या, पंधरा वर्षं शाळेत खडू झिजवून झाल्यावर पोरांवर ओरडण्यापेक्षा त्यांचं जरा ऐकावं अशी उपरती झालेल्या. नाना दोन्हींत बसत नव्हते. वय अठ्ठावन्न, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात एक निळं पेन, एक लाल, आणि कापडी पिशवीत पंच, स्टेपलर, टाचण्यांची डबी आणि चक्क स्टँपपॅड.

"समुपदेशन शिकायला स्टँपपॅड कशाला लागतं हो?" मी विचारलं.

"लागत नाही," नाना म्हणाले. "पण लागलं तर?"

नाना टेलिफोन खात्यातले. ते बीएसएनएल म्हणत नाहीत, खातंच म्हणतात. २०२० च्या जानेवारीअखेर एकाच दिवशी पाऊण लाखाहून जास्त माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन खात्यातून बाहेर पडली, त्यांतले हे एक. अर्जाची पोच मागायला गेले तर पोच देणारे साहेबही त्याच यादीत. हा किस्सा नाना दर पंधरा दिवसांनी सांगतात, आणि त्यात नोकरी सुटल्याचं दुःख थोडं आणि पोच राहून गेल्याचं फार असतं. बत्तीस वर्षांच्या नोकरीतली बरीचशी त्यांनी टेस्ट डेस्कवर काढली. लोक १९८ फिरवून तक्रार नोंदवायचे, आणि नाना कानाला हेडसेट लावून ती लाइन ऐकायचे. रिंग जाते पण आवाज नाही. आवाज आहे पण खरखर. दुसऱ्याचंच बोलणं मध्ये घुसतंय. पावसात केबलमध्ये पाणी शिरलंय. नुसत्या कानाने फॉल्ट घरात आहे, खांबावर आहे की एक्स्चेंजात, हे सांगायचे म्हणे. मग समुपदेशनाकडे कसे वळलात, असं मॅडमनी ओळख करून घेताना विचारलं तेव्हा नाना उभे राहून म्हणाले, "ऐकायची सवय आहे आणि पगार बंद झालाय."

वर्ग हसला. मॅडमनी मात्र मान डोलावली. वर्षभरात आमच्यापैकी कुणीही याहून प्रामाणिक उत्तर दिलं नाही.

कागदावर आलं नाही ते घडलंच नाही, असं मानणारी एक जमात आपल्याकडे आहे. घराघरात तिचा एकेक प्रतिनिधी असतो. त्याच्याकडे १९९४ सालचं विजेचं बिल असतं, रेशनकार्डाच्या झेरॉक्सची झेरॉक्स असते, आणि गॅसचं पहिलं कनेक्शन घेतलं त्या दिवशीची पावती पिवळी पडून, घडीवर फाटून, मागून सेलोटेप लावून जपलेली असते. नानांच्या लग्नाचा अल्बम सध्या कुठे आहे हे नानांना ठाऊक नाही. मंडपवाल्याची पावती कुठे आहे ते ते झोपेतून उठून सांगतील. अशा माणसापुढे तुम्ही 'पोर्टफोलिओ' हा शब्द उच्चारलात, म्हणजे सुकी गंजी दाखवून काडी ओढलीत.

खरं तर मॅडमना हवं होतं ते साधं. वर्षभर जे शिकलात, केलंत, चुकलात, त्यातलं निवडक एकत्र ठेवा. आपली समुपदेशनविषयक भूमिका, बायोडाटा, वर्गात घेतलेल्या गटसत्रांचे आराखडे, चाचण्यांचे दोन-तीन अहवाल, तीन मुलांच्या केस, त्यातल्या एकेका बैठकीची शब्दशः नोंद, पर्यवेक्षकांचे शेरे, आणि या सगळ्यावर स्वतःचं चिंतन. "नोकरी मागायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांनी वीस मिनिटांत चाळून तुम्ही कोण आहात ते ओळखलं पाहिजे," असं त्या म्हणाल्या. नोकरी हा शब्द ऐकून सगळ्या ताठ बसल्या. प्रवेशाची गर्दीच त्यासाठी झालेली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक तरी पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. इतरांनी ही बातमी मोबाइलवर वाचली. नानांनी अख्खा निकाल प्रिंट करून आणला, त्यात शंभराचा आकडा होता तिथे पिवळी पट्टी चिकटवली आणि विचारलं, "नव्व्याण्णव असतील तर?"

"तर बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यायचं," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे पत्रव्यवहार," नाना समाधानाने म्हणाले.

फाइल घ्यायला आम्ही दोघं अप्पा बळवंत चौकात गेलो. मला वाटलं होतं दहा मिनिटांचं काम. दुकानदाराने आधी पारदर्शक खिशांची क्लिअर बुक काढली. नानांनी एका खिशात बोट घालून पाहिलं. "कागद आत सुरक्षित राहील, पण नंबर कुठे टाकणार? प्लॅस्टिकवर?" मग स्प्रिंगची आली, मग बॉक्सफाइल, मग लोखंडी क्लिपची मोठी. ती त्यांनी तीनदा उघडून मिटली, कान जवळ नेऊन. "क्लिप ढिली आहे." दुकानदार म्हणाला, "काका, आवाजावरून?" नाना म्हणाले, "हो." चौथी उघडल्यावर आवाज पटला. टॅगचं एक बंडल घेतलं, हिरवे, दोन्ही टोकांना पत्र्याच्या पट्ट्या असलेले. मग त्यांनी मला रस्त्याकडेला उभं करून समजावलं की फाइलीत डावीकडे टिपणी चालते, उजवीकडे पत्रव्यवहार. डावीकडे माणूस काय विचार करतो ते, उजवीकडे तो जगाला काय कळवतो ते. मी हसले, पण बसमध्ये बसल्यावर वाटलं, मॅडम पंधरा दिवस 'चिंतन आणि पुरावा' म्हणून जे शिकवत होत्या ते हेच की.

पहिला कागद लागायचा तो भूमिकेचा. समुपदेशन म्हणजे तुमच्या मते काय, एका पानात. आमच्या पंचवीस पानांवर कार्ल रॉजर्स होता. त्याने १९५७ साली समुपदेशकाकडून ज्या गोष्टी मागितल्या, त्यांतल्या समानुभूती, बिनशर्त स्वीकार आणि सच्चेपणा या तिन्ही आम्ही एकाच नोट्समधून, एकाच क्रमाने उतरवल्या होत्या. सच्चेपणासुद्धा. नानांचं पान वेगळं होतं. 'महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, विद्यार्थ्याचे म्हणणे संपेपर्यंत ऐकून घेण्यात यावे, अशी माझी भूमिका आहे. कळावे.' एवढंच. मॅडमनी शेरा मारला, 'छान, पण यात तुम्ही कुठे आहात?' नानांनी त्याखाली उत्तर लिहिलं, 'सहीत.'

मुलींचे पोर्टफोलिओ तोवर कॅन्व्हावर चढले होते. सूर्यफुलं, इंद्रधनुष्य, दोन तळव्यांमध्ये धरलेलं रोपटं, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ढगात लिहिलेलं 'सेफ स्पेस'. एकीने स्वतःच्या नावाचा लोगो केला होता. मीही त्या वाटेने थोडं चालले, खोटं कशाला बोलू. माझ्या मुखपृष्ठावर पणती होती. प्रमाणपत्रांचं तर पेवच फुटलं. वेबिनारला नाव नोंदवायचं, आवाज बंद करून भाजी चिरायची, शेवटी फॉर्म भरायचा, प्रमाणपत्र मेलवर. माझ्याकडे अशी अकरा जमली. त्यातलं एक 'सजग श्रवण' या विषयाचं होतं आणि त्या वेळी मी गवार मोडत होते. नानांना हा व्यवहार मंजूर नव्हता. "हजेरी कुणी घेतली?" ते विचारत. कुणीच नाही म्हटल्यावर, "मग हे प्रमाणपत्र कशाचं? वीज होती याचं?"

स्वतःच्या कागदांबाबत मात्र त्यांना काहीच वर्ज्य नव्हतं. वर्गात आवडीची चाचणी घ्यायला शिकवली, तेव्हा प्रथेप्रमाणे आधी आम्हीच एकमेकांवर घेतली. जॉन हॉलंडने माणसांच्या कामाच्या आवडी सहा गटांत विभागल्या आहेत : वास्तववादी, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमशील आणि पारंपरिक. समुपदेशकाचा 'सामाजिक' वर यावा अशी सगळ्यांची अपेक्षा. म्हणून पोरी उत्तरंही जरा तशीच देत होत्या. नानांचा आला 'पारंपरिक', गुणफलकाच्या छताला टेकलेला. नोंदी, हिशेब, ठरल्या पद्धतीचं काम. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं. ते मात्र आनंदले. "बत्तीस वर्षं खातं जे सांगत होतं तेच अमेरिकेतल्या माणसाने सांगितलं," म्हणाले, आणि तो कागद अनुक्रमणिकेनंतर लगेच लावला. पुढे फ्रँक पार्सन्सचा धडा आला. त्याने १९०८ साली बॉस्टनमध्ये तरुणांना व्यवसायाची दिशा दाखवणारा ब्युरो काढला. तिथून नानांची खात्रीच पटली. "ब्युरो म्हणजे कार्यालय. म्हणजे या शास्त्राचा जन्म कार्यालयात झाला. आणि तुम्ही मला फाइल नको म्हणता!"

गोपनीयतेच्या तासाला त्यांनी मॅडमना घाम फोडला. मॅडम सांगत होत्या की मुलाने सांगितलेलं बाहेर जाता कामा नये. अपवाद तेवढे : मुलाच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, आणि लैंगिक अत्याचार. तिथे २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ लागतं, पोलिसांना कळवावंच लागतं, गप्प बसणं हाच गुन्हा. हे अपवाद मुलाला पहिल्या भेटीतच सांगायचे, नंतर नाही. आणि संमती पालकांनी दिली, मुलाने होकार दिला, तरी तो केव्हाही मागे घेता येतो. नानांनी हात वर केला. "गोपनीय म्हणजे नुसतं गोपनीय, की अतिगोपनीय?"

"नाना, गोपनीय म्हणजे कुणालाच सांगायचं नाही."

"वरिष्ठांना?"

"गरजेपुरतं."

"पोर्टफोलिओत?"

मॅडम थांबल्या. मग नाव बदला, शाळा बदला, वय एखादं वर्ष पुढेमागे करा, ओळख पटेल असं काही ठेवू नका, वगैरे सांगितलं. नानांनी लिहून घेतलं, पण पेन वर धरून बराच वेळ बसून राहिले. 'वय बदला' हे त्यांच्या खात्यात बसत नसावं.

त्याच तासाला मदतवाणीचे क्रमांक दिले होते. १४४१६, टेली-मानस, केंद्र सरकारची, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास. नानांना नंबर आवडला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "लाइन पाहिली. चालू आहे."

"पाहिली म्हणजे? फोन केलात?"

"कुणाला नंबर द्यायचा तर तो लागतो का, हे नको पाहायला? म्हटलं, टेस्टिंग करतोय. पलीकडची मुलगी म्हणाली, काही हरकत नाही काका, पण तुम्ही ठीक आहात ना?"

"मग?"

नानांनी पिशवीत पंच शोधायला घेतला. "वीस मिनिटं झाली," एवढंच म्हणाले. पोर्टफोलिओत विभाग पाच, संदर्भसेवा, तिथे आजही नोंद आहे : 'चाचणी कॉल. कालावधी २० मि. सेवा समाधानकारक.'

प्रत्यक्ष कामासाठी आम्हा दोघांना एकच शाळा मिळाली. समुपदेशन कक्ष म्हणून जी खोली दिली ती खेळाच्या सामानाची. दोन खुर्च्या, एक डुगडुगतं टेबल, भिंतीला मानवी पचनसंस्थेचा फाटका तक्ता आणि कोपऱ्यात लेझीमांची तीन पोती. पोती तोंडाशी उघडी. कुणी पाय हलवला, खुर्ची सरकवली की एखादी लेझीम छन्न करायची. मी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली की इथे शांतपणे बोलता येत नाही. नाना म्हणाले, "राहू द्या. लाइन जिवंत आहे ते कळतं."

शिक्षकांकडून मुलं यायची ती चिठ्ठी घेऊन. 'हा उद्धट आहे, समज द्यावी.' 'हिला समुपदेशन देऊन तासाला परत पाठवा.' समुपदेशन म्हणजे जणू इंजेक्शन. एका चिठ्ठीवर तर 'सोबतच्या दोघांनाही' असं होतं. मी त्या चिठ्ठ्या चुरगळून टाकायचे. नाना प्रत्येकीवर आवक क्रमांक घालायचे. महिन्याभरात त्यांनी मुख्याध्यापकांना एक तक्ता दाखवला : एकूण चिठ्ठ्या एकेचाळीस, पैकी गणिताच्या तासातून सव्वीस, त्यांपैकी मंगळवारच्या एकोणीस. "मुलांत फॉल्ट असता तर सगळ्या वारी आला असता," नाना म्हणाले. "हा केबलमधला आहे." मंगळवारी गणिताची तोंडी परीक्षा असायची, आणि चुकलेल्याला फळ्यापाशी उभं करण्याची पद्धत होती. ती बंद झाली. मी पंधरा वर्षं शाळेत आहे, पण असल्या चिठ्ठ्या मोजाव्यात असं मला कधी सुचलं नव्हतं. हा तक्ता नानांच्या पोर्टफोलिओतला सर्वांत मोलाचा कागद आहे असं माझं मत. त्यांनी तो परिशिष्टात टाकला होता, कारण त्यावर कुणाची सही नव्हती.

आणि मग ते शब्दशः नोंदींचं प्रकरण. वर्गात आम्ही त्याला व्हर्बेटिम म्हणायचो. मूल काय बोललं, आपण काय बोललो, आठवून जसंच्या तसं उतरवायचं, शेजारच्या रकान्यात आपल्या मनात काय चाललं होतं ते. माझ्या नोंदींत मीच फार बोलायचे. मॅडमनी एकदा माझी वाक्यं मोजली. चौऱ्याऐंशी. मुलीची नऊ, त्यातलं एक 'जाऊ का?' नानांची नोंद आली तेव्हा मॅडमनी ती वर्गात, परवानगी घेऊन, वाचून दाखवली. मुलाचं नाव नव्हतं, 'वि. क्र. ७' होतं.

'मी : ये. बस.
शांतता (२ मि. १० से.). लेझीम.
मी : –
शांतता (४ मि. २० से.).
वि. : हे कशाला ठेवलंय?
मी : जागा नाही म्हणून.
शांतता (६ मि.). लेझीम, दोनदा.
वि. : उद्या येऊ?
मी : गुरुवारी.'

शेजारच्या रकान्यात, जिथे मनातले विचार लिहायचे, तिथे पहिल्या शांततेसमोर लिहिलं होतं, 'लाइन डेड नाही. पलीकडे माणूस आहे.' बाकी रकाना कोरा.

वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं, पण ते पुढे सरकलं नाही. मॅडमनी कागद खाली ठेवला. "चार मिनिटं वीस सेकंद," त्या म्हणाल्या. "तुमच्यापैकी कुणी चाळीस सेकंद तरी गप्प बसून दाखवा."

तो मुलगा दर गुरुवारी येत राहिला. माझे वार सोमवार-गुरुवार, म्हणून मला दारातून दिसायचा. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, चप्पल बाहेर काढून ती नीट जोडून ठेवणारा. पहिले तीन आठवडे आत लेझीम वाजायची, मग ती वाजेनाशी झाली आणि कागदाची खसखस ऐकू यायला लागली. काहीतरी लिहीत असावा किंवा काढत असावा. डिसेंबरात एकदा आतून नानांचं हसणं ऐकू आलं. मी त्यांना इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. काय झालं, मी विचारलं. "केस तीन," नाना म्हणाले आणि कपाटाला कुलूप घातलं. किल्ली पाकिटात, पाकीट आतल्या खिशात.

आता इथे मी कबूल करते. एका सोमवारी नाना नसताना कपाट उघडं राहिलं होतं, असं मला वाटलं. मी फाइलीच्या पुठ्ठ्याला हात लावला, तेवढ्यात नाना दारात. छत्री विसरले होते. ते काही बोलले नाहीत, मी 'खडू शोधतेय' असं म्हणाले. समुपदेशन कक्षात खडू! विषय तिथे संपला असं मी धरून चालले.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मुलींनी लॅपटॉप आणले होते. कुणाचं सादरीकरण मागे संगीत लावून. माझी पणतीवाली फाइल परीक्षकबाईंनी सहा मिनिटांत चाळून परत दिली, "छान, नीटनेटकं" असं म्हणून. इतकं लागणारं कौतुक मी आयुष्यात ऐकलेलं नाही. मग नाना आत गेले, आणि त्यांची फाइल एकट्याला उचलवेना म्हणून मीही दुसऱ्या बाजूने धरून गेले, आणि बाहेर जा असं कुणी म्हणालं नाही म्हणून तिथेच थांबले. पृष्ठसंख्या तीनशे बारा. प्रत्येक पानावर क्रमांक, लाल शाईत, वर उजवीकडे.

बाई अनुभवी होत्या. त्या पानं मोजत बसल्या नाहीत. भूमिका वाचली, 'सहीत' वाचलं, चष्मा काढून पुसला. चिठ्ठ्यांच्या तक्त्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हा परिशिष्टात कशाला?" मग केस एक. केस दोन. केस तीन उघडली तर आत एकच कागद.

"नाना, इथली केस कुठे आहे?"

"परत केली."

"परत?"

"विद्यार्थ्याचे कागद होते. मार्चमध्ये तो आला आणि म्हणाला, माझे कागद मला द्या. होकार त्याचा होता. दिले."

"तुमच्या नोंदी?"

"त्या त्याच्याविषयीच होत्या. त्याच्यासमोर फाडल्या. काही धोक्याचं नव्हतं, ते आधी मॅडमना दाखवून घेतलं होतं. टिपणी डावीकडे आहे."

डावीकडे खरोखरच टिपणी होती, मॅडमच्या सहीची. बाईंनी ती वाचली, मग तिच्याखालची दुसरी वाचली, आणि माझ्याकडे पाहिलं. मोठ्याने वाचायची काही गरज नव्हती, पण त्यांनी वाचली. "'सोमवारी सहकारी बाईंनी केस तीनची फाइल पाहण्याची इच्छा हाताने व्यक्त केली. छत्रीच्या निमित्ताने नम्रपणे नकार दिला.'" मी पचनसंस्थेच्या तक्त्याचा विचार करू लागले.

"अहो, पण तीन केस लागतात," बाई म्हणाल्या. "मार्चनंतर वेळ होता. दुसरी एखादी लावायची."

"वेळ होता," नाना म्हणाले. "पण तिसरी हीच होती."

"गुण जातील."

"कापा."

बाईंनी तो एकुलता एक कागद उचलला. वहीचं अर्धं पान, रेघांचं, कडेला फाडलेलं. वर नानांच्या अक्षरात, 'खालील कागद मूळ मालकास परत करण्यात आले. एकूण पाने : १४.' त्याखाली पेन्सिलीने, मोठ्या, उतरत्या अक्षरांत : 'मीळाले.' आणि नावाच्या जागी काळ्या शाईची जाड पट्टी. आमच्या वर्गातल्या सगळ्यांच्या वेलांट्या वर्षभर लाल पेनाने दुरुस्त करणाऱ्या नानांनी ती दीर्घ मी तशीच राहू दिली होती. मी नीट पाहिलं. लाल ठिपकासुद्धा नव्हता.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मनात मोजायची सवयच लागलीय, तर सांगते, मिनिटभर सहज गेलं असेल. नाना ऐकत बसले होते.

शेवटी बाईंनी फाइल मिटली. क्लिपचा आवाज खणखणीत आला. "ठीक आहे. ही इथे राहील, निकाल लागेपर्यंत."

नाना उठले नाहीत. "मग पोच?"

"कसली पोच?"

"फाइल जमा केल्याची. पाने तीनशे बारा." त्यांनी खिशातून दोन प्रतींत लिहून आणलेला कागद काढला. बाईंनी हसत सही केली, आणि कारकुनाने संस्थेचा शिक्का आणून दाबला. काही उमटलं नाही. पुन्हा दाबला. त्यांचं पॅड पार सुकून गेलेलं.

नानांनी पिशवीत हात घातला, आणि डबी उघडायच्या आधी माझ्याकडे पाहिलं.

"लागलं की नाही?"